डी'सोझा नावावर अडकणारी डेसॅडव्ह: ‘परत पाठवून बघा’ हा इलाज नव्हे

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. परदेशी खरेदीदाराला एडिफॅक्टमध्ये (कंपन्यांच्या कंप्युटरांनी एकमेकांना कागदपत्रं पाठवायच्या ठरलेल्या साच्यात) माल पाठवल्याची सूचना, म्हणजे डेसॅडव्ह, जाते. दहातल्या सात-आठ वेळा सुरळीत जाते. मध्येच एखादी परत येते आणि सोबत कंट्रोल मेसेज, म्हणजे समोरच्या सिस्टीमचा तपासणीचा निकाल, येतो: नाकारली, एरर २९. कोणीतरी फाईल उघडतं, कुठेतरी काहीतरी खोडतं, परत पाठवतं. जाते. सगळे चहा प्यायला जातात. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. मी कुडाळला बसतो. ज्यांचं काम बघतो ते काजूगर निर्यात करतात. स्वतःचा एक कारखाना आणि त्याशिवाय वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग भागातल्या चार-पाच छोट्या युनिट्सकडून भरून घेतलेला माल. २० फुटी कंटेनरमध्ये २२.६८ किलोची, म्हणजे ५० पौंडांची, ७०० खोकी बसतात. कंटेनर युनिटच्या दारातच भरतो आणि ६६ नंबरच्या हायवेने न्हावा शेव्याला जातो. या खरेदीदाराची अट अशी की गाडी सुटल्यापासून २४ तासांत डेसॅडव्ह त्यांच्या सिस्टीमला लागली पाहिजे, नाहीतर बिलातून दंड कापणार. त्यामुळे फाईल परत आली की ऑफिसात कसा गोंधळ उडतो हे वेगळं सांगायला नको. डिस्पॅचचा पोरगा रात्री साडेदहाला फोन करून एवढंच म्हणायचा, “दादा, ती परत इली.”

एक खुलासा आधीच करून ठेवतो. खऱ्या फाईलमध्ये सगळं रोमन लिपीत असतं. इथे मी कोड देवनागरीत लिहिलेत, खुणा मात्र जशाच्या तशा ठेवल्यात. आणि या लेखात खुणाच महत्त्वाच्या आहेत.

सुरुवातीला सगळ्यांनी दोष नेटवर्कला दिला. पावसाळ्यात आमच्याकडे नेट जातंच, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. मीही इथेच चुकलो, कारण नेटवर्कचा प्रश्न असता तर कंट्रोल मेसेज आलाच नसता. पोच तीन पायऱ्यांनी येते हे आमच्या ऑफिसात कोणाला नीट माहीत नव्हतं. एसटीने पार्सल पाठवल्यासारखं समजा. एएस२ वरून, म्हणजे इंटरनेटवरून सुरक्षित फाईल पाठवायच्या पद्धतीने, फाईल गेली की एमडीएन येतो. त्याचा अर्थ पार्सल डेपोत उतरलं, सील शाबूत आहे. आत काय आहे ते अजून कोणी बघितलेलं नाही. त्यानंतर कंट्रोल येतो: पार्सल उघडलं, आतली मांडणी व्याकरणात बसते किंवा बसत नाही. आणि शेवटी अपेराक, जर त्यांच्याकडे चालू असेल तर: व्याकरण ठीक आहे, पण तुम्ही लिहिलेला ऑर्डर नंबर आमच्याकडे नाही, असली तक्रार. आमचा मुलगा एमडीएन हिरवा दिसला की “गेली” म्हणून घरी जायचा. तेव्हा पहिलं काम, कुठल्या पायरीवर अडकतंय ते बघा. एमडीएनच आला नाही तर सर्टिफिकेट, फायरवॉल, नेट. एमडीएन आला आणि कंट्रोलमध्ये ४ हा अ‍ॅक्शन कोड (म्हणजे नाकारली) असेल तर दोष फाईलमध्ये आहे आणि तो तुमचाच आहे. कितीही वेळा पाठवा.

उलट तीच फाईल त्याच इंटरचेंज नंबराने परत पाठवली तर काही ठिकाणी २६ नंबरचा एरर येतो, म्हणजे ही फाईल आधी आली आहे. काही सिस्टीम तर तेवढंही सांगत नाहीत, गुपचूप टाकून देतात. मग दोन दिवस आपण वाट बघत बसतो. परत पाठवायचीच असेल तर फाईलच्या सुरुवातीचा यूएनबी आणि शेवटचा यूएनझेड या दोन्हीतला नंबर नवा हवा आणि एकच हवा. ते जुळले नाहीत तर २८.

आता २९ कडे वळू. २९ म्हणजे मोजणी जुळत नाही. प्रत्येक मेसेजच्या शेवटी यूएनटी असतो. त्यात आपण सांगतो की मेसेज जिथे सुरू होतो त्या यूएनएचपासून यूएनटीपर्यंत, दोन्ही धरून, इतके सेगमेंट, म्हणजे माहितीच्या इतक्या ओळी, आहेत. समोरचा वाचताना स्वतः मोजतो. आपण ३२ म्हणालो आणि त्याला ३३ सापडले की फाईल नाकारली. गंमत अशी की हा एरर यूएनटीकडे, म्हणजे फाईलच्या शेवटच्या टोकाकडे बोट दाखवतो. आम्ही सगळे शेवटच्या चार ओळी तपासत बसायचो. यूएनटीमधला आकडा हाताने बदलून बघायचो. एकदा आकडा बदलल्यावर २९ गेला आणि त्याजागी १५ आला, म्हणजे या जागी हे चालत नाही. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

तो पडला तो असा. जूनमधल्या एका रात्री लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक कंप्युटर चालू. मी परत आलेल्या आतापर्यंतच्या अकरा फाईली एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि चांगल्या गेलेल्या अकरा दुसऱ्या. एकमेकींशेजारी उघडल्या. खरेदीदार तोच, मालाची प्रत तीच, डब्ल्यू-३२०. जहाज कंपन्या वेगवेगळ्या, पण त्या दोन्हीकडे होत्या. वेगळी एकच ओळ होती: माल कुठून निघाला ती. परत आलेल्या अकराच्या अकरा फाईलींतला माल एकाच युनिटमधून निघालेला. त्या युनिटचे मालक डी'सोझा.

ओळ अशी होती (एनएडी म्हणजे नाव-पत्ता, एसएफ म्हणजे माल कुठून निघाला):

एनएडी+एसएफ+४०७::९१++जे डी'सोझा कॅश्यू'

ज्यांनी एडिफॅक्ट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अधिकची खूण दोन रकान्यांना वेगळं करते. कोलन एका रकान्यातले तुकडे पाडतो. सिंगल कोट म्हणजे सेगमेंट संपला. फाईलच्या अगदी सुरुवातीला यूएनए असतो आणि तो या खुणा कोणत्या ते सांगतो, नेहमीच्या वापरात असा:

यूएनए:+.? '

तीन अक्षरं यूएनएची आणि पुढे सहा: तुकड्याची खूण, रकान्याची खूण, दशांश चिन्ह, सुटकेची खूण, एक रिकामी जागा, आणि सेगमेंट संपल्याची खूण. ती रिकामी जागाही मोजायची असते. ईमेलमधून चिकटवताना ती गळाली की पूर्ण फाईल गेली, पण तो वेगळा विषय.

तर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला डी नंतरचा सिंगल कोट दिसला की त्याच्या लेखी सेगमेंट तिथेच संपला. माल कोणी पाठवला, तर “जे डी” नावाच्या कोणीतरी. आणि पुढचा सेगमेंट “सोझा कॅश्यू” या नावाने सुरू झाला, जो कुठल्याच डिरेक्टरीत, म्हणजे मान्य सेगमेंटांच्या यादीत, नाही. म्हणून १५. आणि एक सेगमेंट जास्त भरला, म्हणून २९. सगळं एका टिंबाएवढ्या खुणेने.

दुसऱ्या दिवशी डी'सोझा अंकलना फोन केला, नाव सर्टिफिकेटांवर नेमकं कसं आहे ते विचारायला. ते म्हणाले, “परवान्यार असाच आसा, पासबुकार असाच आसा. माझ्या नावात काय खोट आसा?” खोट नावात नव्हतीच. नावातला कोट काढून टाका असा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. आमच्या अकाउंटंटनेही दिला. मला तो पटत नाही. जीएसटीत, अन्न परवान्यात, ओरिजिन सर्टिफिकेटवर नाव एक आणि मेसेजमध्ये दुसरं, मग खरेदीदाराच्या कागदपत्र तपासणीत तो फरक कोणीतरी पकडतं आणि तुमचे पैसे अडकतात. शिवाय आमच्याकडे कोट काढूनही तो परत येत होता. डिस्पॅचवाला जाणाऱ्या फाईलमधून काढायचा, कधी तर ईडीआयच्या (या फाईली बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मास्टरमधून, म्हणजे नावांच्या कायमच्या यादीतूनही काढायचा, आणि रात्री अकाउंटच्या सॉफ्टवेअरमधून मास्टर सिंक झाला की नाव पुन्हा मूळपदावर. म्हणून तर रोग पुन्हा पुन्हा उलटत होता.

यावरचा खरा इलाज प्रमाणातच दिलेला आहे: सुटकेची खूण, म्हणजे प्रश्नचिन्ह. मजकुरात आलेल्या खुणेआधी प्रश्नचिन्ह लावायचं, मग पुढची खूण साधं अक्षर म्हणून वाचली जाते.

एनएडी+एसएफ+४०७::९१++जे डी?'सोझा कॅश्यू'

मी तसं फंक्शन लिहिलं. चार खुणा: प्रश्नचिन्ह, अधिक, कोलन, सिंगल कोट. इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडलो नाही पण पडलेले पाहिले आहेत. प्रश्नचिन्ह सर्वांत आधी बदलायचं. आधी कोटाचं ?' केलं आणि नंतर प्रश्नचिन्हांचं ?? केलं, तर हातात ??' येतं. वाचणाऱ्याच्या लेखी ?? म्हणजे मजकुरातलं एक प्रश्नचिन्ह, आणि पुढचा कोट पुन्हा मोकळा. म्हणजे इलाजाने रोग जसाच्या तसा परत आणला. त्यापेक्षा एकेक अक्षर डावीकडून उजवीकडे वाचत जाऊन लिहिणं बरं. क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

याच सुमारास शेरा लिहायच्या रकान्यातले घोटाळेही सापडले. एफटीएक्समध्ये कोणी “डब्ल्यू-३२०: ७०० खोकी + २ सॅम्पल” असं लिहिलं की कोलन आणि अधिक दोन्ही आले. त्यात मोजणी बिघडत नाही, कारण कोट नाही. फक्त मजकुराचे तुकडे भलत्या रकान्यांत जातात. अशा फाईली बऱ्याचदा स्वीकारल्या जातात आणि समोरच्या गोदामातला माणूस अर्धाच शेरा वाचतो. त्या दोन सॅम्पलच्या डब्यांवरून झालेला पत्रव्यवहार मला अजून आठवतो.

आठ महिने शांततेत गेले. मग एका सकाळी पुन्हा २९. त्याच युनिटचा कंटेनर.

माझा विश्वास बसेना. फाईल उघडली, ?' शोधलं. होतं. पण जरा विचित्र जागी. दरम्यानच्या काळात अंकलनी मुलांना भागीदार केलं होतं आणि फर्मचं नाव लांबलं होतं, आडनाव पार शेवटाकडे गेलेलं. आमचे खरेदीदार वापरतात त्या डी.९६ए डिरेक्टरीत नावाच्या एका तुकड्याला कमाल ३५ अक्षरं. नवीन नाव मोजलं. डी हे ३४वं अक्षर आणि कोट ३५वा. माझा प्रोग्रॅम आधी प्रश्नचिन्ह लावत होता आणि नंतर ३५वर कापत होता. प्रश्नचिन्ह लावल्यावर ३५वं अक्षर झालं प्रश्नचिन्ह आणि कोट गेला ३६वर, म्हणजे कापला गेला. नावाच्या शेवटी उरलं एक लोंबतं प्रश्नचिन्ह. आणि त्याच्या पुढे लगेच काय, तर सेगमेंट संपल्याची खरी खूण. लोंबत्या प्रश्नचिन्हाने तीच गिळली.

पुढचा सेगमेंट वाहतुकीचा, टीडीटी. तो वेगळा उरलाच नाही, नावाला चिकटला:

एनएडी+एसएफ+४०७::९१++… डी?'टीडीटी+२०+सफर क्रमांक+१+…

खरेदीदाराच्या माणसाने त्यांच्या स्क्रीनचा फोटो पाठवला तो पाहून मी हसलोही आणि घामही फुटला. एनएडीमध्ये नावानंतर रस्ता, मग शहर, मग प्रांत असे रकाने येतात. त्यामुळे रस्त्याच्या जागी २०, शहराच्या जागी जहाजाचा सफर क्रमांक, आणि प्रांत १. टीडीटीमध्ये २० म्हणजे मुख्य प्रवास आणि १ म्हणजे समुद्रमार्ग. वेंगुर्ल्यातला एक काजूचा कारखाना, सफर क्रमांक नावाच्या शहरात, प्रांत समुद्र. भूगोल म्हणून अगदीच चुकीचा नव्हता म्हणा.

यातून एक कामाची युक्ती हाती लागली. २९ आला की यूएनटीमधला आकडा आणि खरे सेगमेंट यांची तुलना करा. खरे जास्त भरले तर कुठेतरी मोकळा कोट आहे. खरे कमी भरले तर कुठेतरी लोंबतं प्रश्नचिन्ह आहे. कंट्रोल मेसेज समोरच्याने किती मोजले ते सांगत नाही, तेव्हा मोजायचं आपणच. मोजताना नुसते कोट मोजू नका. “ज्याच्या आधी प्रश्नचिन्ह नाही असा कोट” हा नियमही पुरत नाही, वर सांगितलेल्या ??' मुळे. डावीकडून वाचत या: प्रश्नचिन्ह दिसलं की पुढचं एक अक्षर सोडून द्या, मोकळा कोट दिसला की एक मोजा. दहा ओळींचा प्रोग्रॅम आहे. आणि कंट्रोलमध्ये यूसीएस आलेला असेल तर त्यात सेगमेंटचा क्रमांक असतो, यूएनएच हा पहिला धरून. तो क्रमांक जिथे दोष कळला तिथला असतो. दोष त्याच्या आधी, बहुधा लगेच आधीच्या सेगमेंटमध्ये असतो. आमच्याकडे प्रत्येक वेळी तसंच निघालं.

उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा: आधी खऱ्या अक्षरांवर कापायचं, मग प्रश्नचिन्हं लावायची. लांबी मोजताना सुटकेची खूण धरायची नसते, हे प्रमाणातच आहे. ३५ अक्षरांच्या नावात दोन कोट असतील तर फाईलमध्ये ती जागा ३७ अक्षरांची दिसेल आणि ते बरोबर आहे. समोरच्याने ३९, म्हणजे रकाना फार लांब, असा एरर दिला तर त्यांचा प्रोग्रॅम चुकतोय. तसं त्यांना लिहा, नरमाईने पण लिहा. मात्र कापणं हे काही चांगलं काम नाही. नावाच्या रकान्याला ३५-३५चे पाच तुकडे मिळतात, कोलनने जोडलेले. शब्द जिथे संपतो तिथे तोडून उरलेलं दुसऱ्या तुकड्यात टाका. आता आम्ही तेच करतो, आणि अंकलचं पूर्ण नाव, मुलांसकट, व्यवस्थित पोचतं.

तिसऱ्यांदा आलं ते वेगळं सोंग घेऊन. या वेळी २९ नाही, २१: चालत नसलेलं अक्षर. नाव बघितलं तर बरोबर दिसत होतं, कोटही होता. पण त्याच्या आधी प्रश्नचिन्ह नव्हतं. फंक्शन तर चालू होतं. मग प्रश्नचिन्ह का नाही?

फाईल साध्या एडिटरमध्ये बघून हे कधीच कळलं नसतं. बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. साध्या सिंगल कोटाचा बाइट असतो २७. इथे त्या जागी तीन बाइट होते, ई२, ८०, ९९. हा साधा कोट नव्हताच, हा वाकडा कोट, जो वर्ड आणि बरेचसे मोबाइल आपणहून घालतात. अंकलच्या मुलाने नवीन नाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं आणि आमच्या ऑफिसातल्या बाईंनी ते तसंच्या तसं मास्टरमध्ये चिकटवलं होतं. माझं फंक्शन साधा कोट शोधत होतं, त्याला हा दिसलाच नाही. आमच्या यूएनबीमध्ये अक्षरसंच लिहिलाय यूएनओसी, म्हणजे आयएसओ ८८५९-१, आणि त्यात वाकडा कोट नाही. तुमच्या खरेदीदाराच्या स्क्रीनवर नावाच्या मध्येच टोपी घातलेलं ए, युरोचं चिन्ह आणि बारीक टीएम अशी तिकडी दिसली, तर खात्री बाळगा, तो हाच पाहुणा.

अक्षरसंचाचं थोडं सांगतो, कारण इथे लोक भलत्याच दिशेने जातात. यूएनओए हा सगळ्यांत गरीब: मोठी अक्षरं, आकडे, मोजकी चिन्हं. टेलेक्सवरून जावं म्हणून तसा ठेवला होता. यूएनओबीमध्ये छोटी अक्षरंही आली. यूएनओसीमध्ये युरोपातली टोप्या-ठिपकेवाली अक्षरं. यूटीएफ-८ साठी यूएनओडब्ल्यू आहे, पण तो नंतरच्या चौथ्या आवृत्तीचा, आणि समोरच्याने मान्य केल्याशिवाय तुम्ही यूएनबीमध्ये तो लिहून चालत नाही. एकाने मला सुचवलं होतं, “यूएनओसी खोडून यूएनओडब्ल्यू लिहा, प्रश्न मिटला.” मिटत नाही. फाईल पहिल्याच ओळीवर नाकारली जाते.

त्याऐवजी मास्टरमध्ये नाव शिरतानाच झाडलोट करा. वाकडे कोट सरळ करायचे, लांब डॅश आखूड करायचा, न तुटणारी स्पेस साधी करायची. आणि उरलेलं जे अक्षर ठरलेल्या संचात बसत नाही त्याला गपचूप गाळू नका, नोंदच अडवा. आमच्याकडे एकदा शेऱ्यात कोणीतरी मराठीत “काजूगर नीट झाका” लिहिलं होतं. गाळणारा प्रोग्रॅम असता तर कोरा शेरा गेला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. अडवल्यामुळे निदान विचारणा झाली.

फाईल हाताने दुरुस्त करायची सवय असेल तर आणखी एक सांगून ठेवतो. काही एडिटर सेव्ह करताना फाईलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट घालतात, ईएफ, बीबी, बीएफ. मग फाईल यूएनएने सुरूच होत नाही आणि समोरचा म्हणतो हे एडिफॅक्टच नाही. डोळ्यांना काही दिसत नाही. आमच्या पोराने एकदा कोट बरोबर दुरुस्त केला आणि फाईल तरीही परत आली, ती यामुळे. त्या दिवसापासून हाताने फाईल उघडून सेव्ह करायची नाही असा नियमच केला. मास्टर दुरुस्त करा, मेसेज नव्याने तयार करा, नव्या नंबराने पाठवा.

याच कुळातलं पण आणखी कपटी असं एक दुखणं वजनाचं आहे. ७०० खोकी गुणिले २२.६८, म्हणजे १५,८७६ किलो. अकाउंटच्या सॉफ्टवेअरने तो आकडा स्वल्पविरामासकट दिला आणि तो तसाच फाईलमध्ये गेला. स्वल्पविराम ही सुटकेची गरज असलेली खूण नाही, त्यामुळे व्याकरणाचा एरर नाही, मोजणी बरोबर, कंट्रोल हिरवा. पण एडिफॅक्टमध्ये हजाराचा स्वल्पविराम चालतच नाही आणि दशांशासाठी टिंब किंवा स्वल्पविराम दोन्ही चालतात. युरोपात वाचलं गेलं: पंधरा किलो आठशे शहात्तर ग्रॅम. आख्खा कंटेनर. गोदामवाल्यांनी विचारलं की माल खरंच भरलाय ना. आकडे फाईलमध्ये घालताना दाखवायच्या फॉरमॅटमधून घेऊ नका, मूळ संख्येतून घ्या, एवढाच त्यावर उतारा.

तुमचा एखादा खरेदीदार अमेरिकेतला असेल आणि एक्स१२ (तिकडचा एडिफॅक्टसारखाच साचा) वापरत असेल तर वरचं प्रश्नचिन्हाचं सगळं विसरा. रोजच्या वापरातल्या एक्स१२ला सुटकेची खूणच नाही. तिथे खुणा फाईलगणिक ठरवता येतात. फाईलच्या सुरुवातीचा आयएसए सेगमेंट मोजून १०६ अक्षरांचा असतो: चौथं अक्षर म्हणजे रकान्याची खूण, १०५वं तुकड्याची, १०६वं सेगमेंट संपल्याची. तेव्हा मजकुरात कधीच येणार नाहीत अशा खुणा निवडायच्या, बहुतेक जण चांदणी आणि टिल्ड घेतात, आणि तरीही मजकुरात ती खूण आली तर बदलून दुसरं काही लिहायचं. डी'सोझांना तिथे काहीच त्रास नाही, कारण कोट तिथे साधं अक्षर आहे. म्हणून एकाच मास्टरमधून दोन्हीकडे मेसेज जात असतील तर प्रश्नचिन्हं मास्टरमध्ये भरून ठेवू नका. मी एका ठिकाणी तसं केलेलं पाहिलंय. एडिफॅक्टच्या फाईली सुरळीत जायच्या आणि अमेरिकेतल्या लेबलांवर डी?'सोझा छापून यायचं. खूण लावायची ती फक्त फाईल लिहिताना, शेवटच्या टप्प्यावर, एकदाच.

एकदाच हा शब्द का, तेही सांगतो. आता आम्ही मास्टरमध्ये एक खोटा पुरवठादार ठेवलाय, कोड ९९९. त्याचं नाव मुद्दाम वाईट रचलंय: ३४ अक्षरं, मग कोट, मग अधिक, कोलन, दोन प्रश्नचिन्हं, आणि पुन्हा शेवटी कोट. प्रोग्रॅममध्ये कुठेही हात लावला की याच्या नावाने एक डेसॅडव्ह तयार होते, यूएनबीच्या शेवटच्या रकान्यात चाचणीचा १ घालून, आणि खरेदीदाराच्या चाचणी पेटीत जाते. त्यांच्याकडून कंट्रोल ७, म्हणजे स्वीकारली, आला तरच बदल पुढे. गेल्या महिन्यात भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि ९९९ परत आला, २९ घेऊन. सेगमेंट मोजले तर जास्त भरत होते, म्हणजे मोकळा कोट. बाइट उघडले: डी??'. नवीन आवृत्ती आपणहून प्रश्नचिन्ह लावायला लागली होती आणि माझं फंक्शन आधीच लावत होतं. त्यांच्या सपोर्टने आधी विचारलं, नेटवर्क तपासलंत का.